समुद्रातली कणी, बर्फातली बहीण

मित्रांनो, मी एक फार जुनी काच आहे. माणसाने पहिली काच ओतली त्याच्या कितीतरी आधी मला एका डोंगराने ओतलं, आणि तेही त्याच्या पोटात मावेना म्हणून. मी त्याच्या राखेतली एक कणी. तुमच्या पापणीवर येऊन बसले तर तुम्हाला नुसतं चुरचुरेल, दिसणार मुळीच नाही. भिंगाखाली धरलंत तर मात्र दिसेन. फुटलेल्या फुग्याच्या सालीसारखी बाकदार, पाण्यासारखी नितळ, आणि एका कडेला चहाच्या रंगाची झाक.

राख म्हटलं की तुम्हाला जळून उरलेलं लाकूड आठवेल. आमचं तसं नाही. आम्ही जळून उरत नाही, आम्ही गोठून होतो.

डोंगराच्या पोटात असताना मी वेगळी अशी नव्हतेच. तिथे सगळं एकच होतं, दाट, लाल, संथ. झोपेत जसं आपण कुठे संपतो आणि पांघरूण कुठे सुरू होतं ते कळत नाही, तसं. मग त्या दाटपणात बुडबुडे उठायला लागले. असाच एक बुडबुडा फुगत फुगत वर आला, डोंगराचं तोंड उघडलं, आणि बाहेरच्या गार हवेत तो फुटला. त्याच्या सालीचे दोन तुकडे जागच्या जागी गोठले. एक मी, दुसरी माझी बहीण. तिच्या कडेला जिथे खाच होती, तिथे माझ्या कडेला टोक होतं. आमची ओळख एवढीच.

वर आभाळात फार शांत होतं. खाली काय गडगडाट चालला असेल तो असो, आम्हाला ऐकू आला नाही. आम्ही ढगांच्याही वर तरंगत होतो, सूर्य तांबूस दिसत होता, आणि सगळ्या कण्या मिळून आकाशावर एक पातळ पडदा झालो होतो. दिवस गेले की महिने, मला सांगता यायचं नाही. मग एका ठिकाणी वाऱ्याला दोन फाटे फुटले. एक फाटा समुद्राकडे निघाला, दुसरा बर्फाच्या डोंगराकडे. मी समुद्राच्या फाट्यात होते. बहीण त्या दुसऱ्या फाट्यात चमकताना मला एकदा दिसली, मग नुसतं चमकणं दिसलं, मग तेही नाही.

समुद्रावर मी पडले तेव्हा लाट होती. लाटेखाली हिरवा उजेड, त्याखाली निळा, त्याखाली जांभळा, आणि त्याच्याही खाली काहीच नाही. मी बुडत राहिले. माझ्या आगेमागे टाचणीच्या डोक्याहून लहान असे पांढरे शंख पडत होते. पाण्यात राहणाऱ्या इवल्या जिवांची ती रिकामी घरं. समुद्राच्या पोटात असं पांढरं भुरभुरणं कायम चालू असतं, फक्त ते बघायला तिथे कुणी नसतं.

तळाशी मऊ गाळ होता. आमच्यातल्या मोठ्या कण्या आधी टेकल्या, कारण त्या जड. त्यांच्यावर मधल्या, आणि सगळ्यांत शेवटी पिठासारख्या बारीक. मी मोठ्यांतली, म्हणून अगदी खाली. आमची अशी एक करडी चादर अंथरली गेली. तिची खालची कड पाटीवर ओढलेल्या रेघेसारखी स्वच्छ होती. वरची कड मात्र तशी राहिली नाही. तळावर किडे राहतात. ते गाळ उकरतात, खातात, वळवळतात, आणि तसं करताना वरच्या कण्यांना नव्या गाळात ओढत नेतात. म्हणून राखेची वरची कड नेहमी धुरकट. पुसलेल्या फळ्यावर खडूची भुकटी राहते ना, तशी.

आम्ही नीट निजलो न निजलो तोच वरून पडणारे शंख बदलले. आधी पडायचे ते उबेत राहणाऱ्यांचे होते. आता गारठ्यात राहणाऱ्यांचे पडू लागले, जाड भिंतींचे, आवळून बसल्यासारखे. वर समुद्र थंड झाला होता. कितीतरी काळ तेच पडत राहिले. मग एकदा पुन्हा जुने, उबेतले शंख आले. म्हणजे आधी ऊब, मग आम्ही, मग थंडी, मग पुन्हा ऊब. हा क्रम मला कुणी शिकवला नाही. तो माझ्या अंगावर एकावर एक पडलेला आहे.

त्यानंतर मी झोपले. माणसाने पहिलं बी पेरलं तेव्हा मी झोपले होते. चाक झालं, होडी झाली, माझ्या डोक्यावरून जहाजं गेली, सगळं माझ्या झोपेत झालं.

जाग आली ती धक्क्याने. एक लांबच लांब पारदर्शक नळी गाळात घुसली, आम्हाला पोटात घेतलं आणि वर ओढून नेलं. जांभळा, निळा, हिरवा असा उजेड उलट्या क्रमाने परत आला. एका बोटीवर आम्ही पोचलो. बोट हलत होती. तिथे माणसं रबरी बूट घालून नळीचे हात हात लांबीचे तुकडे करत होती आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना टोप्या बसवत होती. निळी टोपी वरच्या टोकाला, पांढरी खालच्या टोकाला. तो त्यांचा नियम होता, आणि चांगला नियम होता. गाळाला डोकं-पाय नसतात, ते माणसानेच लावावे लागतात.

टोप्या बसवणाऱ्याचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता. मागून कुणीतरी ओरडत होतं, "पुढची द्या, पुढची." आमचा तुकडा त्याच्या हातात आला आणि त्याच वेळी बोट कलंडली. तुकडा निसटला, फळीवरून गडगडत गेला. पलंगावरून घरंगळणाऱ्या बाळाला झेलावं तसं त्याने दोन्ही हातांनी आम्हाला झेललं. छातीशी धरलं. सुटकेचा श्वास सोडला आणि निळी टोपी बसवली.

मग उजेड निळा होऊन आमच्याकडे आला. तो आमच्या पायांकडून येत होता.

मित्रांनो, कणीला तोंड नसतं. असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

नंतर बरीच वर्षं आम्ही एका थंड खोलीत मांडणीवर पडून होतो. शेजारचे तुकडे जागा नाही म्हणून दुसऱ्या खोलीत गेले. दाराशी पावलं यायची, थांबायची, पुढे जायची. कधी एकदा एका पाहुण्याने नळीवर बोट ठेवून "ही करडी रेघ कसली?" असं विचारलं होतं. कुणीतरी म्हणालं, "राख आहे, जुनी." तेवढ्याने मला दोन दिवस बरं वाटलं.

मग ती आली.

तिला प्रयोगशाळेत सगळे पुन्हाबाई म्हणत. नळ बंद करून ती दारापर्यंत जायची आणि परत येऊन नळ बघायची. वजन केलं की "पुन्हा एकदा करू", मोजलं की "पुन्हा एकदा मोजू". जेवणाच्या सुट्टीत पाळणाघराला फोन करायची आणि मुलीबद्दल विचारायची, "खाल्लं का? सगळं? शिंकली? एकदाच की...?" पलीकडची बाई बहुतेक कंटाळत असावी, कारण पुन्हाबाई फोन ठेवताना दर वेळी "सॉरी हं" म्हणायची. पण हात असे की काय सांगू. चार केसांच्या बारीक कुंचल्याने तिने आम्हाला गाळातून एकेक करून उचललं, कुणाला ओरखडा गेला नाही.

मला तिने एका चकतीत बसवलं. पारदर्शक राळेची, रुपयाएवढी चकती. तिला दोन भोकं पाडलेली होती. एका भोकात आम्ही समुद्रातल्या कण्या, वरून राळ ओतलेली. दुसरं भोक रिकामं. मग तिने आमचा वरचा भाग घासून गुळगुळीत केला. दुखलं नाही, पण माझ्यातली थोडी मी गेली. मग एका यंत्रात न दिसणारा किरण आमच्यावर सोडला आणि आमच्यात काय काय किती आहे ते वाचलं. प्रत्येक घरच्या चहाची चव जशी वेगळी, तशी प्रत्येक डोंगराच्या राखेची वेगळी असते. आमची चव तिला कळली. ते दुसरं भोक कुणासाठी आहे ते मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते कळलं एका दुपारी, पाळणाघराला सुट्टी होती तेव्हा. पुन्हाबाईने मुलीला बरोबर आणलं होतं. घरी तिला पिटुकली म्हणत. तिला उंच स्टुलावर बसवून, एक हात तिच्या पाठीशी ठेवून, आईने तिला भिंगातून मला दाखवलं.

"काय दिसतंय?"

"साखर."

"साखर नाही, राख."

"राख काळी असते. तू मला फसवतेस."

"ही डोंगराची आहे गं. चुलीतली नाही."

पिटुकली बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही इथे एकटी काय करते?"

"हिची बहीण शोधायचीये. थांब, सांगते. आजी कशी म्हणते, मोठं वादळ झालं त्या वर्षी तुझा बाबा चालायला लागला?"

"हो. आणि टेबलावर आपटला."

"आणि शेजारच्या आजी म्हणतात, मोठं वादळ झालं त्या वर्षी आमचं छप्पर उडालं. मग बाबा चालायला लागला तेव्हा शेजारी काय झालं होतं?"

"छप्पर उडालं होतं."

"झालं तर. दोन्ही आज्यांना साल आठवत नाही, पण वादळ दोघींना आठवतं. तसं समुद्राच्या गाळाला एक आठवतं, डोंगरावरच्या बर्फाला दुसरंच. फार पूर्वी एकदा जग एकदम गारठलं होतं. गाळ म्हणतो, मी आधी गारठलो. बर्फ म्हणतं, मी आधी. भांडण कसं मिटवायचं? राख एकाच वेळी दोघांवर पडलेली. ही राख म्हणजे त्यांचं वादळ."

"मग बर्फातली राख काढ की."

"तेच तर अवघड आहे," पुन्हाबाई म्हणाली, आणि मुलीच्या कपाळाला उगाच हात लावून बघितला.

काय अवघड होतं ते सांगते. बर्फ जिथून काढलं होतं त्या डोंगरमाथ्यावर आता नुसता खडक उरला होता. त्या काळातल्या बर्फाची एकच बारीक कांडी शिल्लक होती, हाताएवढी. तिच्या मधोमध थंडीच्या वर्षांचा पट्टा होता, हे आधीच कळलेलं होतं. राख मात्र इतकी विरळ की डोळ्याला दिसणारी नव्हती. ती शोधायची तर बर्फ वितळवून पाणी गाळायचं, आणि वितळलेलं बर्फ काही परत मिळत नाही.

कांडी होती बर्फखोलीचे राखणदार गारठेकाका यांच्या ताब्यात. खरं नाव वेगळं असणार, पण लोकरीची टोपी, लोकरीचे मोजे आणि नाकाचा लाल शेंडा पाहून हेच नाव त्यांना चिकटलं होतं. त्यांनी पुन्हाबाईला स्वच्छ सांगितलं होतं, "अर्धी कांडी मिळेल. वरची अर्धी की खालची, ते तुम्ही ठरवा. उरलेली मी बंद करणार. ती तुमची नाही आणि माझीही नाही. पुढे कुणाला काय विचारायचं असेल, त्यांची."

म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं. राख थंडीच्या नंतर पडली असेल तर ती वरच्या अर्ध्या भागात, कारण बर्फात नवं ते वर. थंडीच्या आधी पडली असेल तर खालच्या. चुकीचा भाग वितळवला तर हातात नुसतं पाणी, आणि राख असलेला भाग कुलपात. पुन्हाबाईच्या हयातीत तरी ते कुलूप उघडणार नव्हतं.

आणि आमची नळी तर सांगत होती की राख थंडीच्या वर आहे. निळ्या टोपीच्या बाजूला आम्ही, आमच्याखाली थंडीचे शंख. दोन्हीकडून उबेचे शंख असल्यामुळे नळी उलटी आहे हे कुणाच्याच लक्षात येत नव्हतं. प्रयोगशाळेचे मुख्य, ज्यांना सगळे सर म्हणत, ते इतकी वर्षं वर्गात हेच शिकवत आले होते. "आधी थंडी, मग राख." सरांना मी पहिल्या दिवशीच ओळखलं. चष्मा अजून दोरीनेच गळ्यात होता.

पुन्हाबाईला एक गोष्ट खटकली होती. आमची चादर तिने पातळ पातळ कापांत उचलली होती, आणि जाड कण्या तिला वरच्या कापात मिळाल्या होत्या. ती सरांकडे गेली.

"सर, मोठे कण वर आणि बारीक खाली. असं कसं पडेल?"

"किडे, अगं, किडे. तळावर त्यांचंच राज्य असतं. करतात खालीवर."

"मोठे तेवढे निवडून वर नेतात?"

"तुझं लग्न झालं तेव्हा मुलाकडच्यांची एवढीच चौकशी केली होतीस का?"

"त्याहून जास्त केली होती," ती म्हणाली. सर हसले, तीही हसली, आणि वरची अर्धी कांडी वितळवायचं ठरलं.

माझी काय अवस्था झाली ते विचारू नका. राळेत घट्ट रुतलेल्या काचेला थरथरता येत नाही. मी फक्त त्या रिकाम्या भोकाकडे बघत राहिले. बहीण खालच्या भागात होती आणि ती तिथेच राहणार होती.

ठरल्या दिवशी पुन्हाबाई जाड कोट घालून बर्फखोलीत गेली, आणि आमची चकती तिच्या खिशात होती. कारण काकांची अट होती. "ज्याच्यासाठी माझं बर्फ मागता, त्याचं तोंड तरी दाखवा," असं ते म्हणाले होते. तिने चकती टेबलावर ठेवली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"यात काहीच दिसत नाही."

"दिसतं. भिंग लागतं."

"बायकोही हेच म्हणते, माझ्या गुणांबद्दल," गारठेकाका म्हणाले आणि आत जाऊन कांडी घेऊन आले.

पांढरी, धुरकट, आत बारीक बारीक बुडबुडे. तिच्या अंगावर ठिकठिकाणी बाणाच्या खुणा कोरलेल्या होत्या, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. काकांनी करवत लावण्याआधी आणखी एक बाण कोरला, जिथे आधीच दोन होते तिथेच.

"आता कशाला?" पुन्हाबाईने विचारलं. "आहेत की."

"तुकडा केला की कुठला बाण कुठल्या तुकड्यावर राहील याचा नेम नाही. एका भागावर खूण राहिली नाही तर तो उलटा का सुलटा हे देवालाही सांगता यायचं नाही. बर्फ स्वतःहून थोडंच सांगतंय, माझं डोकं इकडे म्हणून."

करवत बर्फाला टेकली.

"काका, थांबा."

त्यांनी करवत उचलली. पुन्हाबाई चकतीकडे बघत होती. माझ्याकडे. तिच्या तोंडातून वाफ येत होती.

"गाळाला कुणी बाण काढला होता?" ती म्हणाली.

"मला काय माहीत? तुमच्या गाळाचं तुम्ही बघा."

"टोपी असते. नुसती टोपी. एका माणसाने एकदा घातलेली." ती स्वतःशीच बोलत होती. "जाड कण वर... आणि ती कड... काका, आज नको."

"बाई, महिनाभर माझ्या मागे लागलात. आज करवत धुऊन ठेवली, खोली आणखी गार केली. आणि आज नको?"

"मी चुकत असेन तर उद्या माझ्या खर्चाने तुमची करवत मीच धुईन."

"करवतीचं काही नाही हो," काका म्हणाले, आणि कांडी परत गुंडाळायला लागले. "ही कांडी एकदा बाहेर आली की माझं ऐकत नाही, वितळायला बघते, एवढंच."

चकती खिशात टाकून ती धावतच खाली गेली. आमच्या नळीचं क्ष-किरण छायाचित्र काढलेलं होतं, ते तिने काचेवर उजेडापुढे धरलं. राखेची निळ्या टोपीकडची कड पाटीवरच्या रेघेसारखी स्वच्छ. पांढऱ्या टोपीकडची धुरकट. छायाचित्र तिने आधीही कितीदा तरी पाहिलं होतं. पण तेव्हा ती राख बघत होती, कड बघत नव्हती. आता तिने ते उलटं धरलं, आणि सगळं जागच्या जागी बसलं.

सर आले. चष्मा डोळ्यांवर चढवला, छायाचित्र पाहिलं, आणि चष्मा खाली सोडला.

"निळी टोपी वर. तो नियम मी स्वतः केलाय."

"नियमाबद्दल शंका नाही, सर. बोट हलत होती का, एवढंच विचारायचंय."

"बोट हलतेच."

"टोप्या कोण बसवत होतं?"

सर वळले. खिडकीशी गेले, परत आले. "किडे खालीही उतरतात," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. पुन्हाबाईचा चेहरा गोरामोरा झाला होता. आपल्याला ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांना चूक दाखवायची म्हणजे सोपं नसतं, मित्रांनो. तिने फक्त हळू आवाजात सांगितलं, "शेजारचे तुकडे मागवूया का? दुसऱ्या खोलीत आहेत ते. जोड जुळतोय का बघू. जुळला तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

तुकडे आले. आमच्या निळ्या टोपीच्या टोकाशी वरचा तुकडा लावला. वरच्या तुकड्याच्या तळाशी एक हिरवट रेघ तिरकी येऊन कापलेली होती. आमच्याकडे ती पुढे जातच नव्हती. मग तिने आमचा तुकडा उचलला, फिरवला आणि पुन्हा लावला. तिरकी रेघ एका तुकड्यातून दुसऱ्यात अशी गेली, जशी फाटलेल्या कागदावरची ओळ दोन तुकडे जुळवल्यावर जाते. खालच्या तुकड्याचाही जोड बसला.

कितीतरी वर्षांनी आमच्या चादरीचे पाय खाली आले होते.

सर बराच वेळ त्या जोडावर बोट फिरवत होते. "हा तुकडा माझ्या हातातून निसटला होता," ते म्हणाले. "झेलला तेव्हा इतका आनंद झाला होता मला. वाटलं, वाचवला." मग ते खुर्चीत बसले. "माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा टोपी तिरकीच आहे. हिने सांगून सांगून घसा कोरडा केला होता, नीट घाला म्हणून."

पुन्हाबाईला हसावं की नाही ते कळेना.

"हस," सर म्हणाले. "आणि खालचा अर्धा भाग वितळव. उद्या वर्गात काय सांगायचं ते मी बघतो."

दुसऱ्या दिवशी खालचा भाग कापला. जिथे करवत लागणार होती तिथे काकांनी दोन्ही अंगांना बाण कोरले होते. बर्फाचे पातळ काप स्वच्छ भांड्यांत ठेवले गेले. बर्फ वितळताना कधी ऐकलंय? आतले बुडबुडे फुटतात, टिकटिक करतात. त्या बुडबुड्यांत आम्ही आभाळात तरंगत होतो तेव्हाची हवा कोंडलेली होती. ती हवा खोलीत सुटली, पुन्हाबाईच्या केसांना लागली, आणि तिला कळलंही नाही.

पहिल्या कापाच्या पाण्यात धूळ. दुसऱ्यात धूळ. तिसऱ्यात एक धागा, तो तिच्याच स्वेटरचा निघाला. प्रत्येक गाळणी भिंगाखाली नेताना तिचा अंगठा आत मुडपलेला असे. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, पाळणाघर सुटायची वेळ होत आली होती, आणि भांडी संपत आली होती. पुढच्या गाळणीवर ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिचा हात हळूहळू तोंडाशी गेला.

ती तशीच थांबली. सरांना हाक मारली नाही, फोन उचलला नाही. फक्त बघत राहिली. आई झोपलेल्या बाळाकडे बघते तसं, श्वास चालू आहे ना एवढंच पाहत.

राळेच्या दुसऱ्या भोकात त्या कण्या बसल्या. किरणाने त्यांची चव वाचली. चव आमचीच होती, तंतोतंत. त्यातली एक बाकदार आहे, एका कडेला खाच असलेली. ती माझीच बहीण, असं मी शपथेवर सांगणार नाही. आम्ही त्या डोंगरातून अगणित निघालो होतो आणि मीही आता घासली गेले आहे. माझं ते टोक राहिलेलं नाही. पण आमच्यामध्ये राळेची एक पातळ भिंत आहे, आणि खिडकीतून उजेड आला की तिच्यातून जाऊन तो माझ्यापर्यंत येतो.

आणि ते भांडण मिटलं. बर्फात दर वर्षाची एक पातळ घडी असते. राखेनंतर कितीतरी घड्या उबेच्याच होत्या, थंडी त्यांच्यानंतर आली. समुद्रात मात्र गारठ्याचे शंख आमच्या अंगाला लागूनच होते. म्हणजे समुद्र आधी गारठला. डोंगरावरची हवा नंतर, त्याच्या मागून. कांडीचा वरचा भाग वितळवला असता तर हे कुणालाच कळलं नसतं, आणि तो भागही गेला असता.

तो वरचा भाग गारठेकाकांनी गुंडाळला, बाण बाहेरून दिसेल असा. पुन्हाबाईने त्यांना विचारलं होतं, "मी चुकीचा भाग वितळवला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"काही नाही. तुमचा तो हक्क होता," काका म्हणाले. "फक्त नंतर कधी चहाला बोलावलं नसतं." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मित्रांनो, आता मी एका खणात असते. माणसं चुकतात आणि चुकीला प्रेमाने छातीशी धरतात, हे मी पाहिलंय. म्हणून मोठ्यांना विचारायला भिऊ नका. हळू आवाजात विचारा, पण विचारा. आणि जे एकदाच वापरता येतं, ते हातात घेतलंत की आधी जरा थांबा.

खणाच्या मागच्या भिंतीतून मला बर्फखोलीच्या यंत्राची घरघर ऐकू येते. कधी ती मध्येच बंद पडते, काकांची पावलं धावतात, मग पुन्हा सुरू होते. तेवढ्या वेळात माझ्या काळजाचं पाणी होतं. आत ती अर्धी कांडी आहे. तिच्यात कुणाची राख आहे, कुठल्या आगीचा धूर, कुठल्या फुलांचे पराग, मला माहीत नाही. ज्याला ते विचारायचं आहे त्याला अजून प्रश्नही सुचलेला नाही. तो कदाचित तुमच्यापैकी कुणी असेल, कदाचित तुमच्या मुलांपैकी. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात त्या खोलीच्या किल्ल्या येतील. तेव्हा तुमच्या कामाची सगळ्यांत मोठी गोष्ट एवढीच असेल, की ते बर्फ झोपलेलं राहू दे. इतरांना आपण ऊब देऊन निजवतो. त्याचं अंथरूण तेवढं थंड ठेवा.